लंडनहून एका दिवसात जुनी रेल्वे आणि जुने पब दोन्ही पाहायचे असतील तर कुठे जावे?

उत्तर इंग्लंडमधलं यॉर्क शहर. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून थेट गाडीने साधारण दोन तास.

स्टेशनवर उतरलात की लगेच बाहेर पळू नका. 1877 सालचं हे स्टेशन वळणावर बांधलेलं आहे, त्यामुळे लोखंडी छतही फलाटांबरोबर वळत जातं. त्याआधीचं 1841 चं स्टेशन शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत होतं. पुढे जाणाऱ्या गाड्यांना तिथून उलटं बाहेर यावं लागे, म्हणून नवं स्टेशन तटाबाहेर आलं. रुळांसाठी तटात काढलेल्या कमानी अजून दिसतात.

नॅशनल रेल्वे म्युझियम चालत दहा मिनिटांवर, प्रवेश मोफत. 1938 मध्ये ताशी 126 मैल गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं निळं 'मॅलार्ड' इथेच आहे. शिवाय जपानची पहिल्या पिढीची शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेनही. तीन तास तरी ठेवा; लहान मुलं असतील तर पबचा विषयच विसरा.

पबमध्ये माझी पसंती फॉसगेटवरच्या ब्लू बेलला. राजा सातव्या एडवर्डच्या काळातली, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची लाकडी सजावट, पण जागा इतकी छोटी की गर्दीत कोपर हलत नाही. स्टोनगेटवरचं 'ये ओल्ड स्टार इन' जास्त प्रसिद्ध, पण तिथे पर्यटकच फार. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, टेबलाशी कोणी येत नाही. हातपंपाने ओढून देतात ती एल ही इंग्लिश बिअर आपल्या बिअरसारखी गारढोण नसते, तेव्हा आधी हाफ पाइंट, म्हणजे छोटा ग्लासच घ्या. परतीच्या गाडीला वेळ असेल तर स्टेशनातच यॉर्क टॅप हा पब आहे, जुन्या चहागृहाच्या जागेत.