रंधा आपला नसतो

चि. बाळास,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. तुला चर्चच्या संघात ब्रदर व्हायचंय, हे वाचलं. चार पानं, तीही हातानं लिहिलेली, म्हणून मीही मोबाईल बाजूला ठेवून पेन घेतलंय. अक्षर थरथरतं, चालवून घे.

चार पानांत 'नम्र' हा शब्द सात वेळा आलाय. मोजला मी. तो आधी खोड. नम्र व्हायचं म्हणून ब्रदर झालेला माणूस वर्षभरात स्वतःच्याच नम्रतेचं कौतुक करायला लागतो, आणि मग त्याच्याबरोबर एका घरात राहणं महाकठीण होतं. असे दोघं मी जवळून पाहिलेत. त्यातला एक मीच होतो.

दुसरं, ब्रदर म्हणजे फादर होण्याआधीची पायरी, हा तुझा समज. त्यात तुझी चूक नाही. आपल्या पुण्यात नगर रोडला रामवाडीच्या बाजूला फादर घडवणाऱ्या पेपल सेमिनरीत, ज्ञानदीपमध्ये कितीतरी मुलं तत्त्वज्ञान नि ईशज्ञान शिकतात. त्यांनाही सगळे 'ब्रदर'च म्हणतात आणि ती यथावकाश फादर होतात. आम्ही होत नाही. मिस्सा अर्पण करणं, पापनिवेदन ऐकणं हे आमचं काम नव्हे. निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं मात्र संघातल्या फादरांइतकीच पक्की, आणि पुढं हातात येईल ते काम. पन्नास वर्षं होत आली, अजून कुणी ना कुणी विचारतंच, "ब्रदर, फादर कधी होणार?" हल्ली मी सांगतो, पुढच्या वर्षी.

माझ्या आईनंही नगरकडं आमच्या गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगा फादर होणार. पहिल्या सुट्टीला घरी गेलो तर शेजारपाजारच्या बाया लेकरं घेऊन आशीर्वादाला आलेल्या. मी खरं काय ते सांगितलं. बाया गेल्यावर आई चुलीपुढं बसून म्हणाली, "मग तिथं करतोस तरी काय?"

"सुतारकाम."

"ते तर इथंबी करता आलं असतं."

तिला द्यायला तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुझ्याही घरी हा प्रश्न निघणार, म्हणून सांगतो.

माझे उस्ताद एक म्हातारे जर्मन ब्रदर होते. मराठी मोडकी, पण रंधा, पटाशी, गुण्या, वाकस ही नावं मात्र अगदी अस्सल. पहिला महिनाभर त्यांनी मला लाकडाला हात लावू दिला नाही. फक्त धार लावायची. पातं दगडावर घासून झालं की ते खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकं धरायचे. धारेवर कुठं बारीकशी रेघ चमकली, तर तिथं पातं बोथट आहे. चांगली धार चमकत नाही, दिसतच नाही. मग पातं डाव्या हाताच्या केसांवरून फिरवायचे. त्यांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत केस म्हणून नव्हते. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली होती. संध्याकाळी एक आकृती जरी रिकामी दिसली, तरी जेवणाची घंटा आमच्यासाठी नव्हती.

मला तो जर्मन खाक्या वाटायचा. फार नंतर समजलं की मूळ बरंच जुनं आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले, त्यात कोठाराच्या ब्रदरला सांगितलंय की मठातली भांडीकुंडी, चीजवस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मान. म्हणजे पटाशी पुसून ठेवायची ती ती तुझी आहे म्हणून नव्हे, तुझी नाही म्हणून.

एकदा एका चॅपेलचे बाक आम्ही तिघांनी अख्खा उन्हाळा खपून केले. उद्घाटनाला आभार मानताना मांडववाल्याचं नाव आलं, केटररचं आलं, आमचं राहिलं. मी रात्री जेवलो नाही. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. मला चॅपेलमध्ये नेलं, शेवटच्या बाकाशी वाकला आणि बैठकीच्या खालून हात फिरवला. खालची बाजू कोण बघतंय म्हणून मी तिथं रंधा मारलाच नव्हता. त्याच्या बोटात कुसळ गेलं. बोट दिव्याखाली धरून त्यानं ते शांतपणे काढलं आणि "उद्या" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी सगळे बाक उलटे केले. बाकीचे अठरा नीट होते, तरी केले.

तू पत्रात सावता माळ्याचं उदाहरण दिलंयस. गोड आहे, पण एक फरक बघ. सावतोबांचा मळा त्यांचा होता. आमचा कारखाना माझा नव्हता. पुढं ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, तयार फर्निचर आलं, आणि कारखाना बंद करायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. अवजारं संघाच्या दुसऱ्या एका घराला देऊन टाकली. मी आकृत्यांची फळी तेवढी ठेवून घेतली, तीही पुढं वाळवीनं खाल्ली. मला मिळालं पाण्याचा पंप, गॅसच्या टाक्या, तुंबणारी गटारं आणि फाटक. गटारात हात घालताना मला कधी कमीपणा वाटला नाही, खोटं कशाला बोलू. पण लाकडाचा वास सुटला तो फार लागला. आईला तेव्हा हे सांगायला हवं होतं: गावात केलं असतं तर रंधा माझा असता, आणि तो खाली ठेवायला मला कुणी सांगितलं नसतं.

फाटकावर बसायला लागल्यावर संत अल्फोन्सो रॉड्रिग्ज मला खरे कळले. स्पेनमधल्या सेगोव्हियाचा हा कापडव्यापारी. बायको गेली, मुलं गेली, धंदा बसला. चाळिशीला टेकलेला असताना फादर व्हायचं म्हणून लहान पोरांच्या वर्गात बसून लॅटिन शिकायला लागला. जमलं नाही. १५७१ साली येशूसंघानं, म्हणजे जेझुइटांनी, ब्रदर म्हणून घेतलं आणि मायोर्का बेटावरच्या कॉलेजात दारावर बसवलं. १६१७ साली मरेपर्यंत तो तिथंच राहिला. तिथल्याच पीटर क्लॅव्हर नावाच्या एका विद्यार्थ्याला त्यानं अमेरिकेला जा म्हणून सांगितलं. त्या पोरानं दक्षिण अमेरिकेतल्या कार्ताहेनाच्या बंदरात उतरवल्या जाणाऱ्या आफ्रिकन गुलामांची सेवा करण्यात आयुष्य घातलं. १८८८ मध्ये दोघं एकाच दिवशी संत झाले. दारावर थाप पडली की अल्फोन्सो म्हणे, "आलो, प्रभू." मी बरीच वर्षं प्रयत्न केला. दुपारी दोन वाजता चुकीच्या पत्त्याचं पार्सल घेऊन कुणी बेल वाजवली, की माझं "आलो, आलो" इथपर्यंतच येतं.

आपल्या मातीतलं नाव हवं असेल तर वसईचे संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले संत. फ्रान्सिस्कन संघात होते, फादर नव्हते, ब्रदर होते. हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं. आधी ते मकावला व्यापार करायचे, चांगला चालणारा. तो सोडून मनिलाला संघात गेले. जपानी उत्तम यायचं म्हणून १५९३ साली दुभाषी म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. त्यांना नेलं कशासाठी, तर काही येत होतं म्हणून. तुला काय येतं?

राग मानू नको. मागच्या महिन्यात तू दोन शनिवार मदतीला आलास, मन लावून केलंस, पण पंपाचा फ्यूज बदलायला मेन स्विच बंद न करताच हात घातलास. तेव्हा आधी बी.कॉम. पुरं कर, आणि मग औंधच्या आयटीआयला वायरमनचा ट्रेड घे. सुतारकी मी शिकवीन, पण पोट आणि घर दोन्ही हल्ली वायरिंगवर चालतं. नोव्हिशिएट, म्हणजे संघातली सुरुवातीची उमेदवारी, चर्चच्या कायद्यानं किमान १२ महिन्यांची असते, ती मुळात परखण्यासाठीच असते. तिथून परत आलास तर हातात कसब असेल, आणि राहिलास तर घराला उपयोगी पडशील. दोन-तीन वर्षं थांबल्यानं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, उडून जात असेल तर ते पाचारण नव्हतं.

आणि हो, २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी ब्रदरलाही फादरांच्या संघात सुपिरिअर, म्हणजे प्रमुख, होता येईल अशी परवानगीची वाट मोकळी केली. चांगलं झालं, उशिरा झालं. तू ते मनात धरून येऊ नकोस एवढंच.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर कुंभारवेशीला जुन्या बाजारात भेट. तुझ्यासाठी एक रंधा बघू. आमच्या सुपिरिअरांनी पाचशे रुपये मंजूर केलेत, म्हणजे तोही घराचाच राहील. लाकडी मिळाला तर बरा. पातं गंजलेलं चालेल, चिरलेलं नको. भाव तू कर, मला जमत नाही. तिथं कुणी बिल देत नाही, तेव्हा वहीचा एक कागद घेऊन ये, किंमत लिहून सही घ्यावी लागेल. बूट घालून ये, चपला नकोत.

तुझा,
ब्रदर