गाडी मिळते, पण डिझेलचे काय?

प्रश्न : आमचे गाव बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात आहे. एसटीचा फाटा 6 किलोमीटरवर आहे आणि मधला रस्ता चढाचा आहे. गावातील ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग बांधवांना बँक, दवाखाना, तहसील यांसाठी तालुक्याला जावे लागते, तेव्हा कोणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे बसण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. एक दानशूर गृहस्थ आम्हांला जुनी व्हॅन द्यायला तयार आहेत आणि लोकप्रतिनिधींकडून नवी गाडी मिळण्याचीही आशा आहे. कोणती स्वीकारावी आणि ती चालवण्याचा खर्च कोठून आणावा?
एक निवृत्त शिक्षक, जि. बीड

उत्तर : गुरुजी, आपण विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी सोडवावा, कारण त्याचे उत्तर सापडेपर्यंत पहिल्याला फारसा अर्थ नाही. आपल्याकडे गाडी मिळवणे तुलनेने सोपे असते. फीत कापली जाते, छायाचित्र निघते आणि वर्षभराने तीच गाडी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ग्रामपंचायतीच्या मागे उभी असलेली दिसते. याचे कारण गावकऱ्यांची अनास्था नसून निधीचे नियम आहे. खासदारांना वर्षाला 5 कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी मिळतो, पण त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करावी, आवर्ती, म्हणजे पगार-डिझेलसारखा पुन्हा पुन्हा येणारा, खर्च भागवू नये, हा त्याचा मूळ नियम आहे. 15व्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवण्यात आली होती आणि उरलेल्या अबंधित रकमेतूनही पगार काढता येत नव्हता. म्हणजे गाडी देणारे हात पुष्कळ आहेत, चालकाचा पगार देणारा मात्र शोधूनही सापडत नाही.

आता आपल्या व्हॅनचा हिशेब मांडू. चालकाला महिना 10,000 रुपये धरले तर वर्षाचे 1,20,000 होतात. महिन्याला हजार किलोमीटर धावल्यास डिझेलचे वर्षाला 70,000 रुपयांच्या आसपास लागतील. विमा, टायर, दुरुस्ती आणि योग्यता प्रमाणपत्र धरता आकडा दोन लाखांच्या बराच पुढे जातो, आणि जुन्या गाडीचा दुरुस्तीखर्च तर ज्याचा त्यालाच ठाऊक. शिवाय खाजगी म्हणून नोंदलेल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत प्रवाशांकडून डिझेलपुरते दहा-दहा रुपये जरी घेतले, तरी ते भाडे ठरते आणि त्यासाठी परिवहन कार्यालयाचा परवाना लागतो. अपघात झालाच तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. दानशूर गृहस्थांचा मान राखून, मी आपल्या जागी असतो तर ती व्हॅन घेतली नसती.

त्याऐवजी गावात किंवा शेजारच्या गावात ज्याची परवान्याची ॲपे रिक्षा आहे, त्याच्याशी ठरावीक दिवसाचा करार करावा. आठवड्यातून एक दिवस, दिवसाला 600 रुपये असे धरले तर वर्षाच्या 52 दिवसांचे 31,200 रुपये होतात. वाटेवरची तीन गावे एकत्र आली तर प्रत्येकाच्या वाट्याला 10,400 रुपये येतात. ही रक्कम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नापैकी, म्हणजे घरपट्टी, बाजार कर इत्यादींतून जमा होणाऱ्या रकमेपैकी, 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होते. ज्या गावाची प्रत्यक्ष वसुली 4 लाख आहे, तेथे या निधीत 20,000 रुपये येतात, म्हणजे रिक्षाचा वाटा दिल्यावरही जवळपास निम्मी रक्कम साहित्य आणि वैयक्तिक मदतीसाठी उरते. वसुली हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. मागणीचा आकडा कागदावर मोठा असतो, आणि घरपट्टी थकलेल्या गावात 5 टक्के कशाचे काढणार?

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी की, हा निधी दिव्यांगांचा आहे, ज्येष्ठांचा नव्हे, त्यामुळे केवळ वय झाले म्हणून कोणाच्या फेरीचे पैसे त्यातून देता येणार नाहीत. ज्येष्ठांनी आपापले भाडे द्यावे किंवा दानशूर गृहस्थांनी व्हॅनऐवजी ज्येष्ठांच्या वर्षभराच्या फेऱ्या पत्कराव्यात. ही विनंती त्यांना आपल्यासारख्या शिक्षकाने केली तर ते नाही म्हणणार नाहीत, असे मला वाटते. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांत अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष यांबरोबर पार्किन्सनचाही समावेश आहे, हे गावातील अनेक वृद्धांच्या घरी माहीत नसते. अशांपैकी ज्यांचे दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून अधिक भरेल, त्यांना तपासणीनंतर रीतसर प्रमाणपत्र मिळू शकते.

दुसरी गोष्ट लेखापरीक्षणाची. वाहतुकीचा खर्च या निधीतून करण्याबाबत ग्रामसेवक का-कू करतील, आणि त्यांचेही चूक नाही, कारण आक्षेप निघाला तर वसुली त्यांच्यावर बसते. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि तो जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन मागवावे. अर्जात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 41 चा उल्लेख करावा, कारण दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक ये-जा करता यावी यासाठी सवलती, वाहनांत बदल आणि मदतनीस यांच्या योजना शासनाने आखाव्यात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तिन्ही गावांनी एकत्र खाते उघडण्याच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक प्रवाशाला कूपन द्यावे, रिक्षावाल्याने ती जमा करावीत आणि ज्या गावाची कूपने त्या गावाने त्याच्या बँक खात्यात बिल चुकते करावे.

दिवस कोणता निवडावा, हे मात्र प्रवाशांनाच विचारा. कार्यकर्ते दवाखान्याचा दिवस सुचवतात, पण म्हाताऱ्या माणसांना बहुधा आठवडी बाजाराचा दिवस हवा असतो. त्याच फेरीत बँकेतले अनुदान काढता येते, चष्म्याची काडी बसवून घेता येते आणि चार ओळखीची माणसे भेटतात.

जाता जाता एक तुलना. अमेरिकेत ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या स्थानिक वाहतुकीसाठी संघराज्य सरकारचा स्वतंत्र कार्यक्रम आहे, त्यात गाडी खरेदीसारख्या भांडवली खर्चाला 80 टक्क्यांपर्यंत आणि सेवा चालवण्याच्या खर्चाला 50 टक्क्यांपर्यंत मदत मिळते. तेथेही झुकते माप गाडीलाच आहे, पण चालवण्याच्या खर्चाला निदान रकाना तरी आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. त्यांना एसटी मोफत आहे, पण आमच्या गावात एसटीच येत नाही. मग या मोफत प्रवासाचा आम्हांला काय उपयोग?
एक वाचक भगिनी, जि. हिंगोली

उत्तर : ताई, आपली तक्रार योजनेच्या वर्मावर बोट ठेवणारी आहे. 75 वर्षांवरील नागरिकांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, 65 ते 75 वयाच्या प्रवाशांना निम्मे तिकीट आहे आणि 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांनाही निम्मे तिकीट लागते. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला करते, पण ती प्रवास घडल्यावरच. ज्या गावात गाडी जात नाही, तेथील आजीसाठी या योजनेत शासनाचा एक रुपयाही खर्च होत नाही. जी सर्वांत अडचणीत आहे तीच हिशेबाबाहेर राहते, हे मला योग्य वाटत नाही.

तरीही एक उदाहरण आपल्या कामी येईल. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील 125 तालुक्यांत मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बसगाड्या आपण पाहिल्या असतील. त्या एसटी महामंडळ चालवते आणि गाडीबरोबर ती चालवण्याचा खर्चही शासन उचलते. म्हणजे इच्छा असली की डिझेलसाठी रकाना निघतो. आपल्या भागात अशी गाडी येत असल्यास, शाळेच्या वेळा सोडून मधल्या वेळेत आठवड्यातून एक-दोन फेऱ्या आपल्या गावापर्यंत वाढवाव्यात, असा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह आगार व्यवस्थापकांना द्यावा आणि त्याची प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. अर्जात ‘गावाची गैरसोय होते’ एवढेच लिहून भागत नाही. 65 वर्षांवरील किती, दिव्यांग किती, कोणत्या वारी किती जण जातील आणि गाडी वळवायला गावात जागा कोठे आहे, हे लिहावे. शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ अर्ज अडतात.

सासूबाईंसोबत आपण गेलात तर आपले निम्मे तिकीट लागेल, आपले यजमान गेले तर त्यांना पूर्ण तिकीट पडेल.

प्रश्न : आमची नोंदणीकृत संस्था दिव्यांगांसाठी वाहन सेवा सुरू करू इच्छिते. औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांकडे सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मागावा काय?
एक कार्यकर्ते, जालना

उत्तर : अवश्य मागावा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. आपल्या संस्थेकडे प्राप्तिकराच्या 12ए (संस्थेला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, किमान तीन वर्षांचे काम आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-1 नोंदणी असावी. प्रस्ताव मात्र गाडीचा देऊ नये, फेऱ्यांचा द्यावा. नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, म्हणून चालकाचे मानधन, इंधन आणि विमा या तिन्हींची तरतूद तेवढ्या काळासाठी एकदमच मागून घ्यावी. गाडीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवायला आपली हरकत नसावी, फक्त मागच्या दाराला चाकाच्या खुर्चीसाठी उतार (रॅम्प) बसवून घेतल्यावर आणि त्या बदलाची परिवहन कार्यालयात नोंद झाल्यावरच रंगारी बोलवावा.