नवीन ब्लेड टाकलं तरी वायपर थडथडतोय? आधी आर्म बघा, काच बघा

पहिला पाऊस पडला आणि या महिन्याच्या टपालात वायपरच्याच तक्रारी जास्त. साहजिक आहे, ऑक्टोबरपासून मेपर्यंत आपण वायपरकडे ढुंकून बघत नाही, आठ महिने तो उन्हात काचेला चिकटून भाजत पडलेला असतो आणि जूनमध्ये एकदम त्याच्याकडून पूर्ण काम पाहिजे असतं. चार पत्रं घेतोय, चारही वेगळी आहेत, आपल्या गाडीचं लक्षण कुठलं ते बघा.

प्रश्न : काका, नमस्कार. माझी छोटी गाडी आहे, सहा वर्षं झाली, रोज सावर्ड्याहून चिपळूणला शाळेत येते-जाते. वायपर वर जाताना गप्प जातो पण खाली येताना थडथड थडथड उड्या मारत येतो आणि काचेवर पाण्याच्या रेघा राहतात. मागच्या आठवड्यात दोन्ही ब्लेड नवीन टाकली, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. दुकानदार म्हणतो यापेक्षा महागातलं टाका. टाकू का?

उत्तर : ताई, थांबा, अजून पैसे घालू नका. तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीय, वर जाताना गप्प आणि खाली येताना आवाज. आवाज दोन्हीकडे असता तर मी काचेवर किंवा रबरावर संशय घेतला असता, पण एकाच दिशेला आवाज म्हणजे बहुतेक वेळा आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा लोखंडी दांडा, पिळलेला असतो. आणि पिळलेल्या आर्मला तुम्ही कितीही महागाचं ब्लेड लावा, तो ते वाकडंच धरणार.

जरा समजून घ्या. वायपरच्या रबराची जी बारीक धार असते ती काचेवर उभी राहून चालत नाही, ती मागे झुकून घासत जाते, अंगण झाडताना खराट्याच्या काड्या जशा मागे वाकतात तशी. वायपर वरच्या टोकाला पोचला की ही धार टपकन दुसऱ्या अंगावर पलटते आणि परत येताना उलट बाजूला झुकून येते. हे पलटणं नीट व्हायचं असेल तर ब्लेड काचेवर काटकोनात पाहिजे. आर्म थोडा जरी पिळला असेल तर एका दिशेला धार मस्त झुकते आणि दुसऱ्या दिशेला पलटतच नाही, काचेत रुतत येते, अडकते, सुटते, परत अडकते, ती तुमची थडथड. नवीन रबर मऊ असतं म्हणून दोन दिवस सांभाळून घेतं, मग तेही एका अंगावर वळण धरतं.

आर्म पिळतो कसा? गाडी धुणारा पोरगा घाईत तिरका उचलतो, गाडीचं कव्हर ओढताना अडकतं, काहीही होऊ शकतं, कळतसुद्धा नाही.

बघायचं असं. काचेवर भरपूर पाणी मारा, वायपर चालू करा आणि तो मधोमध आला की चावी बंद करा, बहुतेक गाड्यांत तो तिथेच थांबतो. आता खाली उतरा, डोळा काचेच्या लेव्हलला आणा आणि आर्मच्या टोकाकडून बघा. ब्लेड काचेवर सरळ उभं दिसलं पाहिजे, एका बाजूला कललेलं दिसलं तर सापडलं. मग ब्लेड काढायचं, आर्मला फडकं गुंडाळायचं, एका पान्याने आर्म मागच्या बाजूला घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने टोकाजवळ अगदी थोडासा, परत सांगतो अगदी थोडासा, उलट दिशेला पिळायचा. ब्लेड लावून बघायचं, लागलं तर परत एकदा. हात बसला नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

आणि ब्लेड काढायच्या आधी काचेवर जाड टॉवेल टाका, हे विसरू नका. आर्मला स्प्रिंग असते, ब्लेड नसताना तो हातातून सुटला तर नुसतं लोखंड काचेवर आपटतं. माझ्या गॅरेजच्या दारात एका गिऱ्हाइकाचा आर्म असा सुटलेला मी बघितलाय, काही शे रुपयांच्या ब्लेडपायी पुढची काच खालून वरपर्यंत तडकली, तो माणूस नुसता बघत उभा राहिला, मला आजही वाईट वाटतं.

राहिलं महागाचं. पैशापेक्षा माप बघा. ड्रायव्हर साइडचं आणि डावीकडचं ब्लेड बऱ्याच गाड्यांत वेगळ्या लांबीचं असतं, गाडीच्या पुस्तकात माप दिलेलं असतं, नाहीतर सरळ टेप लावून मोजा. लांब ब्लेड लावलं तर दोन्ही एकमेकांवर आपटतात किंवा काचेच्या कडेवर चढतात.

प्रश्न : दादा, मी उदगीरचा. वायपर दोन्हीकडून कर्रकर्र करतो, कानाला सहन होत नाही. काचेवर पांढरे ठिपके आहेत, कितीही पुसले तरी जात नाहीत. मित्राने सांगितलं म्हणून रबराला खोबरेल लावलं, आवाज गेला पण रात्री समोरच्या गाडीची लाइट पडली की काहीच दिसत नाही.

उत्तर : भाऊ, आज रात्री गाडी काढायच्या आधी ते खोबरेल पुसून टाका. काचेवर तेलाचा पापुद्रा बसला की समोरची लाइट सगळ्या काचेभर पसरते, आवाज सहन करता येतो पण न दिसणं नाही करता येत. रबराला तेल, डिझेल, रॉकेल, पेट्रोल काहीच लावू नका, रबर फुगतं, धार जाते आणि परत सरळ होत नाही.

पांढरे ठिपके म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. उन्हात गाडी धुतली, पाणी पुसायच्या आधी वाळलं, की थेंबाच्या जागी क्षार उरतो आणि रबर त्याच्यावरून खडखडत जातं. साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा, फडकं भिजवून ठिपक्यांवर काही मिनिटं ठेवा, मग चोळून साध्या पाण्याने धुवा. सावलीत करा, आणि व्हिनेगर पेंटवर सांडू देऊ नका, सांडलं तर लगेच धुऊन टाका. फार जुने डाग एकदा करून जात नाहीत, दोन-तीन वेळा करा.

ठिपके गेले तरी काच साफ झाली असं समजू नका. डोळ्याला काच स्वच्छ दिसते आणि हाताला नसते. धुऊन पुसलेल्या काचेवर बोटांना पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून हलकेच फिरवून बघा, कसं बारीक वाळूवरून हात फिरल्यासारखं लागतं ते. पुढच्या गाड्यांचा धूर, डांबराचे कण, झाडाचा चिकटा, शॅम्पूतलं वॅक्स, हे सगळं तिथे बसलेलं असतं. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, सुती फडक्यावर घेऊन सगळी काच दोन वेळा पुसा, दर वेळी फडक्याची कोरी बाजू. जुन्या ब्लेडची धारही ओल्या फडक्याने, चिमटीत धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसा, फडकं काळं होईल, काळं यायचं कमी होईपर्यंत पुसा. नवीन ब्लेड मात्र रगडू नका, त्याच्या धारेवर बरेचदा ग्रॅफाइटचा थर दिलेला असतो, तोच तर त्याला घसरायला मदत करतो.

एवढं करून आवाज राहिला तर धारेवरून नख फिरवा. कडक, चिरलेली किंवा एका बाजूला वाकून बसलेली असेल तर मग बदला. रबर सुटून पत्रा काचेला लागायची वाट बघू नका, पत्र्याचा ओरखडा काचेवरून जात नाही. आणि काचेवरून पाणी पळवणारं लिक्विड मारलं असेल तर त्यानेही काही गाड्यांत वायपर थडथडतो, पाण्याचे थेंब होऊन काच मधे मधे कोरडी पडते म्हणून. कोरड्या काचेवर वायपर चालवायचा नाही, धूळ असेल तर अजिबातच नाही, आधी पाण्याचा फवारा मग वायपर.

प्रश्न : काका, आमची गाडी पुण्यात सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. वायपर इतका हळू फिरतो की दुसरी फेरी येईपर्यंत काच भरून जाते. परवा तर मधेच थांबला, हाताने ढकलला तेव्हा खाली गेला. मोटर बदलायला सांगतायत, खर्च मोठा आहे.

उत्तर : तुम्ही गुलमोहर लिहिलात आणि मला अर्धं उत्तर तिथेच मिळालं. बॉनेट उघडा आणि काचेच्या पायथ्याशी जे जाळीचं प्लॅस्टिक कव्हर आहे त्याच्या फटीतून आत बॅटरी मारून बघा. मे महिन्यात पडलेल्या पाकळ्या आणि ती बारीक पानं आत जाऊन त्याचा लगदा झालेला असतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि वायपरचे दांडे, मोटर सगळं दमट चिखलात राहतं.

मोटर बिचारी बरेचदा ठीक असते. मोटर एक दांडा फिरवते, त्यातून दोन्ही आर्मच्या खालच्या खुंट्या फिरतात. या खुंट्या ज्या नळीत बसतात तिथलं ग्रीस वाळतं, गंज धरतो आणि खुंटी जाम होते. मोटर जोर लावते, तापते आणि मधेच थांबते.

बदलायच्या आधी मेकॅनिकला सांगा, दादा, आधी लिंकेज, म्हणजे हे दांडे आणि खुंट्या, सोडवून दाखव. तो आर्म काढेल, त्याआधी आर्म जिथे थांबतो तिथे काचेवर टेप चिकटवून खूण करायला सांगा म्हणजे परत त्याच जागी बसेल. नटावरची टोपी काढली की नट दिसतो. नट काढूनही आर्म निघत नसेल तर हातोडा मारू देऊ नका, गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडं थांबायचं आणि हलवत हलवत काढायचा. कव्हर काढलं की लगदा साफ करा, भोकात तार घाला, पाणी ओतून बघा खाली जातं का. मग मोटरपासून दांडा सुटा करून प्रत्येक खुंटी हाताने फिरवा. दोन बोटांनी फिरली पाहिजे. पक्कड लागत असेल तर चोर तिथेच आहे, स्प्रे मारून मोकळी करा, जुनी घाण पुसा, ग्रीस भरा. हे सगळं करताना चावी खिशात ठेवा, त्या दांड्यांत फार जोर असतो, बोट सापडलं तर सोडत नाही.

खुंट्या हलक्या फिरतात आणि तरी वायपर हळू, तर मग बॅटरी, अर्थची वायर आणि शेवटी मोटर, या क्रमाने बघायचं. वायपर नुसता फास्टवरच चालतो, स्लोवर नाही, असं असेल तर मोटरमधला स्लोचा कार्बन ब्रश संपलेला असू शकतो. बंद केल्यावर खाली न जाता कुठेही थांबतो, तर मोटरमधला पार्किंगचा कॉन्टॅक्ट बघा.

प्रश्न : मी साताऱ्याचा. आंबेनळी घाटात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना ड्रायव्हर साइडचं रबर फाटून लोंबायला लागलं. धुकं, पाऊस, दुकान नाही. आजोबा म्हणतात काचेवर तंबाखू चोळायची. खरं का?

उत्तर : जुने ड्रायव्हर चोळायचे हे खरं आहे, कोणी कापलेला बटाटाही चोळायचं. त्याने थेंब न होता पाण्याचा पातळ पडदा होतो आणि थोडा वेळ दिसतं. पण घाटात त्याच्या भरवशावर गाडी चालवू नका.

आधी वळणावर नाही, जिथे रस्ता रुंद आहे आणि वरून दरड यायची भीती नाही अशा ठिकाणी गाडी बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, चावी बंद करा. मग डावीकडचं ब्लेड काढून उजवीकडे लावा. बऱ्याच गाड्यांत दोन्हीकडे तोच हुक असतो, लांबी कमी असली तरी डोळ्यासमोरची काच पुसली जाते. मोकळ्या झालेल्या डाव्या आर्मच्या टोकाला फडकं घट्ट गुंडाळा आणि वर सुतळी किंवा टेप मारा, नाहीतर तो काच ओरखडून टाकेल. वायपर स्लोवरच ठेवा, दोन-तीन फेऱ्या झाल्या की फडकं सुटत नाही ना ते एकदा उतरून बघा, आणि पोलादपूरला पोचल्यावर पहिलं काम ब्लेडचं.