ओटीपी न येता पैसे गेले. आता बायोमेट्रिक लॉक करावं का?

अंबाजोगाईच्या ताईंनी विचारलंय की आईच्या खात्यातून ओटीपी न येता दहा हजार गेले, आता आधारचं बायोमेट्रिक (अंगठ्यानं ओळख पटवणं) लॉक केलं तर रेशन बंद पडेल का?

ताई, आधी पैशाचं बघा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन लावा आणि तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तक्रारीत परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दलच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा उल्लेख करा. तिसऱ्याच कुणी हात मारला असेल आणि वेळेत कळवलं असेल, तर त्यात ग्राहकावर भुर्दंड नाही.

ओटीपी आला नाही, कारण तो लागतच नाही. आधारवरून पैसे काढायला बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा एवढं पुरतं. म्हणजे अंगठा हाच पिन, आणि तो आपण जमिनीच्या खरेदीखतावरही उमटवून येतो. २०१८ मध्ये तेलंगणात असेच दस्तांवरचे ठसे उतरवून, रबराचे अंगठे बनवून सिमकार्डं चालू केल्याचं उघड झालं. पिन फुटला तर बदलता येतो. अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारी नोंदींतून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले, त्यांना नवी बोटं कुठून आणायची? २०२३ पासून आधारच्या तपासणीत बोट जिवंत आहे का हे बघतात. चांगलं झालं, पण तेवढ्यावर विसंबू नका.

कारण आपल्याकडे खऱ्या बोटानंच फसवता येतं. ऊस तोडून, खुरपून बोटं झिजलेली असतात. "मावशी, थंब लागला नाही, परत ठेवा" असं पैसे काढून देणारा एजंट म्हणाला की बाई ठेवतात. पहिला थंब लागलेला असतो, पैसे दुसऱ्यांदा निघतात. व्यवहार फेल झाला म्हणाले तरी त्याची पावती मागायचीच. दुसरा थंब त्यानंतर.

आता लॉकचं. जरूर करा. आधारच्या अधिकृत ॲपमधून होतं. योजनेचे हप्ते खात्यात येतच राहतात, जमा व्हायला अंगठा लागत नाही. रेशनला कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो, त्यामुळे आईंचा लॉकच राहू द्या. हयातीच्या दाखल्यापुरता तात्पुरता उघडा, थोड्या वेळानं तो आपोआप परत लॉक होतो. त्याच ॲपमध्ये मागच्या सहा महिन्यांत आधार कधी वापरलं गेलं तेही दिसतं. दहा हजार गेले ती तारीख त्यात शोधा आणि तक्रारीला जोडा.

फक्त आधारला जोडलेला मोबाइल आईंजवळच असू द्या. ऊसतोडीला गेलेल्या मुलाचा नंबर असेल, तर लॉक उघडायचा ओटीपी कारखान्यावर जाईल आणि आई इथं ताटकळत बसतील.