पाऊस लागला की माझी झोप उडते, काय करू?

सांगलीहून एका बहिणीचं पत्र आलंय. कर्नाळ रोडला तळमजल्यावर घर. २०१९ ला माळ्यापर्यंत पाणी आलं, कर्ज काढून सगळं परत उभं केलं तर २०२१ ला पुन्हा तेच. आता जून लागला की तिची झोप जाते, रात्री उठून उठून बाथरूमच्या जाळीत टॉर्च मारून बघते कारण पाणी आधी तिथनंच उलटं वर येतं. फोन उशाशी असतो, व्हॉट्सॲपचे ढीगभर ग्रुप. नवरा म्हणतो, अजून पाणी पात्रात आहे, कशाला डोक्याला लावून घेतेस. नववीतल्या मुलीवर उगाच ओरडते आणि मग स्वतःच रडते. कुणीतरी ध्यान कर म्हणालं, तर डोळे मिटले की गढूळ पाणीच दिसतं. "ताई, औषध नको, रोजच्या जगण्यात काय करता येईल ते सांगा, आणि पोरीला काय सांगू?"

अगं, आधी एक सांगते, तुझ्या डोक्यात काही बिघडलेलं नाही. दोनदा संसार गाळातनं उपसून काढलायस तू, पावसाचा आवाज ऐकून जीव दचकणारच. त्यामुळं "विचार करू नकोस" असलं काही मी सांगणार नाही, ते कुणालाच जमत नाही.

सुरुवात फोनपासून कर, कारण निम्मा त्रास तिथनं येतोय असं मला तुझ्या पत्रावरनं वाटतं. कोयना धरणातनं पाणी सोडलं म्हणजे ते तासाभरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला येत नाही, मध्ये कराड आहे, बहे आहे, ताकारी, भिलवडी आहे. पाणी चढतं ते इंचाइंचानं, दर दहा मिनिटांनी बघून हातात नवीन काहीच लागत नाही, फक्त छातीत धडधड वाढते आणि ग्रुपवर तर २०१९ चेच व्हिडिओ आजचे म्हणून फिरत असतात. पाणीपातळी दिवसातनं तीनदाच बघायची, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जेवायच्या आधी, आणि ती पण प्रशासनाकडनं येते तीच. बाकीचे ग्रुप म्यूट कर. रात्री फोन स्वयंपाकघरात ठेव. आता तू म्हणशील रात्रीच पाणी वाढलं तर? त्यासाठी डू नॉट डिस्टर्ब लाव आणि फक्त दोन नंबर फेव्हरेटमध्ये टाक, एक शेजारचा आणि एक नदीजवळच्या ओळखीच्या माणसाचा, म्हणजे त्यांचा कॉल आला तर रिंग वाजेल आणि बाकी काही वाजणार नाही. त्या दोघांना तसं सांगून ठेव. आणि रात्रीची जाळी बघायचं काम नवऱ्याबरोबर वाटून घे, एक दिवस तू एक दिवस तो. त्याला हे भांडणात नको, रविवारी निवांत चहा घेताना सांग.

दुसरी गोष्ट, एकदा कागद घेऊन बसा दोघं. आयर्विनला ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे सगळ्या सांगलीला पाठ आहे, पण तुमच्या गल्लीत नेमकं किती फुटाला पाणी शिरतं हे तुम्हीच दोनदा बघितलंय. त्याच्या बऱ्याच आधीचा आकडा धरा. इतक्याला कागदपत्रांची पिशवी बाहेर, इतक्याला गाडी वर नेऊन लावायची, इतक्याला सासूबाईंना विश्रामबागेला किंवा जे कोण नातेवाईक असतील त्यांच्याकडं. लिहून फ्रिजवर चिकटव. मग रात्री दोनला मन विचारायला लागलं की "आता काय करायचं", तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. मला विचारशील तर ध्यानापेक्षा हा कागद तुला जास्त झोप देईल.

ध्यान सध्या सोड. डोळे उघडे ठेवून बस, पाय फरशीवर टेकव, श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लाव, पाच मिनिटं बास. झोप नाहीच आली तर तळमळत पडू नकोस, उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाल, डोळे जड झाले की परत ये, पण सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेव. चार नंतर चहा बंद (हे जड जाईल माहितीये, पण चहातलं कॅफिन कितीतरी तास अंगात राहतं). आणि पाऊस उघडला की सकाळी आमराई बागेत एक चक्कर मार, एकटी नको, गल्लीतली कुणीतरी सोबत घे, कारण तुझ्यासारख्याच जाग्या असणाऱ्या बायका त्या गल्लीत अजून असणार आणि कुणी बोललेलं नाही.

औषध नको म्हणालीस. डॉक्टरकडं गेलं की औषधच देतात असं नसतं गं, नुसतं बोलून पण उपचार होतात. रोज रडू येतंय, कामात लक्ष नाही, पुराची स्वप्नं पडतात असं दोन आठवडे सलग चाललं, किंवा पाणी ओसरून दिवाळी आली तरी हे गेलं नाही, तर सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखव. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन पण तपासून घे, त्यानं पण चिडचिड आणि थकवा येतो. घरातनं निघणं जमत नसेल तर १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी घरच्यांना सांगायचं आणि हा नंबर लावायचा.

आता पोरगी. तिला खरं सांग. २०१९ ला ती पण त्या घरात होती, तिला सगळं आठवत असणार. "मला पावसाची भीती वाटते म्हणून चिडते, तुझी काही चूक नाही" एवढं म्हण. आणि त्या फ्रिजवरच्या कागदातलं एक काम तिच्या नावावर टाक, तिची पुस्तकं आणि दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून माळ्यावर न ठेवता थेट मामाकडं पोचवायचे, शाळा सुरू झाल्या झाल्याच.