केसपेपरवरचा ‘बायपोलर’

लालबागहून आलेल्या एका आईने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) मनोविकारतज्ज्ञांनी दिलेला केसपेपर माझ्यासमोर उलगडला आणि ‘बायपोलर’ या शब्दाखाली बोट ठेवून विचारले, “मॅडम, म्हणजे माझ्या मुलाच्या अंगात दोन माणसं आहेत का?”

हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. दुभंगलेले व्यक्तिमत्त्व ही वेगळीच गोष्ट आहे. मालिकांनी दोहोंची सरमिसळ करून ठेवली आहे. माणूस एकच असतो, दोन टोके असतात ती मनःस्थितीची. एका टोकाला उन्माद, म्हणजे साधारणपणे निदान आठवडाभर टिकणारा अतिउत्साह किंवा चिडखोरपणा, ज्यात दोन-तीन तासांच्या झोपेवरही थकवा जाणवत नाही आणि पैसा पाण्यासारखा जातो. दुसऱ्या टोकाला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ न हटणारी उदासी. काहींना दोन्हींची लक्षणे एकदमच होतात. मधल्या काळात, कधीकधी महिनोन्‌महिने, मुलगा नेहमीसारखाच असतो. म्हणूनच सकाळी चिडून दुपारी हसणाऱ्या साहेबांना ऑफिसात ‘बायपोलर’ म्हणतात, ते चुकीचे आहे.

पूर्वी या आजाराला ‘मॅनिक डिप्रेशन’ म्हणत. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने ‘बायपोलर’ हे नाव स्वीकारले. मराठीत ‘द्विध्रुवीय विकार’ असे लिहितात, पण ध्रुव म्हटले की आपल्याला अढळ तारा आठवतो, त्यामुळे हेलकावणाऱ्या मनासाठी तो शब्द मला अजूनही थोडा परका वाटतो.

“मग लोकांना सांगू काय? मुलगा बायपोलर आहे म्हणून?” बाईंनी विचारले. थोड्याच वेळापूर्वी त्या बोलता बोलता “आमच्या ह्यांना शुगर आहे” असे म्हणून गेल्या होत्या. मी तेच वाक्य त्यांना आठवून दिले: हे शुगर आहेत असे आपण कधी म्हणत नाही. त्या हसल्या आणि हळूच म्हणाल्या, “त्याला बायपोलर आहे.”

पुढच्या भेटीला त्या भिंतीवरचे कॅलेंडरच काढून घेऊन आल्या. दुधाच्या खाड्यांशेजारी, निळ्या पेनाने, मुलाच्या झोपेचे तास मांडलेले होते: सात, सात, पाच, तीन, तीन. ते पान पाहताच, पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला मी त्यांना सांगितले.