ट्रॅक्टर-सल्ला: जुना छोटा ट्रॅक्टर, पेट्रोल की डिझेल?

प्रश्न: खानापूर तालुक्यात चार एकर रान आहे, बहुतेक भात आणि थोडा ऊस. दोन जुने ट्रॅक्टर बघितलेत. एक पेट्रोलचा फर्ग्युसन टीई-20, दुसरा दोन सिलिंडरचा 25 एचपी डिझेल, कोल्हापूर पासिंगचा. पेट्रोलचा स्वस्त आहे, आवाजही कमी. कोणता घेऊ?

उत्तर: चिखलणी आणि नांगरट करायची असेल तर डिझेलच घ्या. जुन्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते, साधारण 6:1, डिझेलचं 16 ते 18:1. जितकं दाबून पेटवावं तितकं एका लिटरातून काम जास्त निघतं. शिवाय लिटरमागे डिझेलची ऊर्जाच पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त. म्हणून तेवढ्याच नांगरटीला पेट्रोल दीडपट लागेल असं धरून हिशेब करा. खरेदीत वाचलेले पैसे हळूहळू पंपावर जातील.

दुसरी अडचण आजच्या पेट्रोलची. त्यात आता 20 टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून निघणारं. टीई-20 बनला 1946 ते 1956 या काळात. तेव्हाचे रबरी पाइप आणि गॅस्केट या इंधनात फुगतात, कडक होतात, मग गळती सुरू होते. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये महिनाभर उभा राहिला की टाकीच्या तळाला पाणी साचतं, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट गाळ धरतो आणि जेट, म्हणजे इंधनाचं बारीक भोक, बुजतो. फर्ग्युसन घेतलाच तर आधी सगळे पाइप इथेनॉल चालणारे बसवा आणि काम संपलं की टाकी व वाटी रिकामी करा. आणखी एक बघा: मोठ्या टाकीला लागून पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असेल तर तो रॉकेलवर चालणारा नमुना आहे. त्याचं कॉम्प्रेशन आणखी कमी असतं आणि न जळलेलं रॉकेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. तो घेऊ नका.

पेट्रोल इंजिनाची दुरुस्ती मात्र स्वस्त, हे खरं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कार्बोरेटर सोडले तर फार काही बिघडत नाही. फवारणी, हलकी कोळपणी, पाणी ओढणं एवढंच काम असेल तर तो वाईट नाही.

डिझेल ट्रॅक्टरचं मोल इंजिनाला डिझेल दाबून पुरवणारा पंप आणि ते सिलिंडरात फवारणारं नोझल यांवर ठरतं. सौद्याला सकाळी जा आणि इंजिन थंड आहे का ते हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू झाल्यावर पांढरा धूर दोन-तीन मिनिटांत थांबला पाहिजे. निळा धूर येतच राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेलेत. ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर लायनर-पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करा. लोडवर काळा धूर दिसला तर आधी एअर क्लीनर बघा, मग नोझल. कोल्हापूर पासिंगची गाडी असल्याने तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवून घ्या.

प्रश्न: जुना डिझेल ट्रॅक्टर दहा मिनिटं चालून बंद पडतो. थोड्या वेळाने परत सुरू होतो. पंप खोलावा लागेल का? (निपाणी)

उत्तर: पंपाला लगेच हात लावू नका. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण सैल करा. आत हवा शिरल्याचा सूं आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. साफ केलं की काम संपलं. तसं नसेल तर फिल्टर बदला आणि टाकीच्या तळातला गाळ काढा.

मग लाइनमधली हवा काढा. टाकी भरा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंपाने डिझेल ढकला. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. तेच पंपाच्या स्क्रूवर. शेवटी नोझलकडचे नट एक आटा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की घट्ट करा. तांब्याचे वॉशर नवे घाला, जुन्यांतूनच हवा परत शिरते. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो कातडीत घुसतो आणि जखम लगेच डॉक्टरला दाखवावी लागते.

प्रश्न: डिझेल वाचवायला रॉकेल मिसळलं तर चालतं का? (चिकोडी)

उत्तर: नाही. पंपाच्या प्लंजरला (डिझेल दाबणाऱ्या दांड्याला) आणि नोझलच्या सुईला डिझेलचंच वंगण मिळतं. रॉकेल कोरडं असल्याने ते घासून सैल होतात, डिझेलचा दाब कमी होतो आणि गाडी गरम झाल्यावर सेल्फला दादच देत नाही. प्लंजर बदलून पंप बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, लावायचा खर्च रॉकेल मिसळून वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पुढे जातो.